आधी खर्जातला गंधार ऐकू येतो का ते बघा

संपादक महाशय, स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या खरेदीबद्दल जो लेख आलाय, म्युझिक प्लेयर आणि हेडफोन कसे निवडावेत म्हणून, तो आमच्या ह्यांनी सकाळच्या चहाबरोबर मला मोठ्यांदा वाचून दाखवला आणि वर "बघ, पेपरात पण तेच लिहिलंय" म्हणून चष्मा काढून ठेवला. त्यामुळे हे पत्र लिहिणं भाग आहे. घरातलं भांडण पेपरात नेतीये असं समजू नका, पेपरनेच ते आमच्या घरात आणलंय.

लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की आधी एक दणदणीत प्लेयर घ्या, १९२ किलोहर्ट्झवाला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे एक लाख ब्याण्णव हजार नमुने वाजवणारा, मग जितके ओहम जास्त तितका चांगला ह्या हिशोबाने हेडफोन घ्या आणि पैसे उरलेच तर सोन्याचा मुलामा दिलेली केबल. हे वरून खाली वाचा नाहीतर खालून वर, मला तरी पटत नाही. पैसे आधी कानाला लागते त्या वस्तूवर घाला. प्लेयर सगळ्यात शेवटी, तोही लागलाच तर.

आता ही कोण सांगणारी, तर मी कोथरूडला तीसेक वर्षं गाण्याचे क्लास घेते, आणि त्याच्या आधी फर्ग्युसनला फिजिक्स केलंय. त्या डिग्रीचा उपयोग काय झाला असं आई शेवटपर्यंत विचारायची. झाला तो असा.

मागच्या पावसाळ्यात माझी एक विद्यार्थिनी, बारावीतली, गळा छान, सुराला पक्की, ती अचानक उतरून गायला लागली. दोन आठवडे मी टोकतीये, ती रडकुंडीला आलीये, दोघींना कळत नाहीये काय बिघडलंय. शेवटी विचारलं की घरी रियाज कशावर करतेस, तर म्हणे मोबाईलवर तानपुरा लावते आणि बड्स घालते, फ्लॅट लहान आहे ना, बाबांचं वर्क फ्रॉम होम असतं. बड्स आणायला सांगितले, कानात घातले, आणि मला तानपुऱ्याच्या जागी पिठाची गिरणी ऐकू आली. ढूं ढूं ढूं. जोडाच्या, म्हणजे मधल्या सा च्या दोन तारा कुठेतरी लांब शेजारच्या बिल्डिंगमध्ये, आणि जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, तर नाहीच.

तिची पट्टी काळी चार, पेटीवरची चौथी काळी, म्हणजे सा साधारण २०८ हर्ट्झवर आणि खर्ज, म्हणजे खालचा सा, त्याच्या निम्म्यावर, १०४ च्या आसपास. आजकालचे बरेच बड्स, स्वस्तातले तर आहेतच पण महागातलेही, नेमका हा शंभराच्या आजूबाजूचा भाग मुद्दाम फुगवून देतात कारण दुकानात दहा सेकंद ऐकणाऱ्याला तेच भारी वाटतं. आणि कानाचा स्वभाव असा आहे की खालचा आवाज मोठा झाला की तो वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो, उलटं तेवढं होत नाही. तानपुऱ्याची तर सगळी गंमत त्या वरच्यातच आहे. खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून स्वयंभू गंधार, म्हणजे आपोआप उमटणारा ग, येतो हे गाणाऱ्यांना सांगायला नको, तो म्हणजे त्या तारेचा पाचवा हार्मोनिक, मूळ सुराच्या पाचपट, १०४ पंचे ५२०, कोणी वाजवत नाही तरी येतो. पोरीला तोच ऐकू येत नव्हता तर ती सूर कशाला धरून लावणार?

मी माझा जुना वायरवाला हेडफोन काढला, पंधरा वर्षांचा आहे, कानावरच्या गाद्या दोनदा बदलल्यात, तो तिच्या फोनला लावून दिला. फोन तोच, तानपुरा तोच. ती मिनिटभर गप्प बसली आणि मग म्हणाली, "ताई, मधेमधे ग कोण लावतंय?"

तेव्हापासून कोणीही मला हेडफोन कसा बघायचा विचारलं की माझी परीक्षा ही एकच. चांगला रेकॉर्ड केलेला तानपुरा लावा आणि खर्जातला गंधार ऐकू येतो का बघा. दुसरं हवंच असेल तर तबल्यातल्या डग्ग्यावर तळहात दाबत नेऊन जी मींड, म्हणजे सरकता सूर, काढतात ती ऐका, ती एका धाग्यासारखी सलग वर चढली पाहिजे, मधेच एकाच सुरावर घूं करून फुगली तर तो हेडफोन खोटं बोलतोय. हे दोन जमले की बाकी गिटार, व्हायोलिन, नवीन मराठी गाणी, काय हवं ते ऐका.

बरं, तिला मी लगेच नवीन काही घ्यायला लावलं नाही हेही सांगते, कारण लेखात हे कुठेच नव्हतं. तिच्या बड्सच्या ॲपमध्ये इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे आवाज वेगवेगळे कमीजास्त करायची सोय, होता, तो लोक वर ओढण्यासाठीच असतो असं समजतात, आम्ही डावीकडच्या, म्हणजे खालच्या आवाजाच्या, दोन पट्ट्या चांगल्या खाली ओढल्या. लगेच गिरणी थांबली. माझ्या हेडफोनइतकं स्वच्छ नाही झालं पण गंधार आला, आणि खर्च शून्य रुपये. तर नवीन वस्तू घ्यायच्या आधी आहे त्या वस्तूचा बेस खाली ओढून आठवडाभर ऐका, पहिले दोन दिवस आवाज पातळ वाटेल, मग कान ठिकाणावर येतात.

आता आमच्या ह्यांचा प्लेयर. ह्यांचा पिंड कॅसेटवर पोसलेला. सोनीने वॉकमन काढला १९७९ ला, ह्यांच्या हातात आला ८८ ला, दुबईच्या मामांकडून, आणि कर्वे रोडवरच्या अलूरकरांच्या दुकानातून आणलेल्या कॅसेटी त्यावर झिजेपर्यंत ऐकल्या, त्यातल्या अजून दोन खोकी माळ्यावर आहेत आणि टाकायचं नाव काढलं की घरात अबोला. पुढे आयपॉड आला. २०२२ मध्ये ॲपलने तो बंदच केला तेव्हा ह्यांना सुतक लागल्यासारखं झालं होतं, आणि मागच्या वर्षी रिटायर झाल्यावर पहिली खरेदी काय तर बावीस हजाराचा चिनी प्लेयर. दिसायला सुरेख, धातूचा, बाजूला चाक. त्याला लावायला हेडफोन कोणता, तर बाराशेचा, एका दुकानाने सोबत सूट म्हणून दिलेला. हे म्हणजे शालू नेसून पायात स्लीपर.

माझा भाचा हिंजवडीला आहे, त्याने एका रविवारी आमच्या हॉलमध्ये बसून ह्यांची परीक्षा घेतली. एका बाजूला तो बावीस हजाराचा प्लेयर, दुसऱ्या बाजूला भाच्याचा फोन आणि त्याला लावलेलं ॲपलचं हजाराच्या आतलं छोटं डोंगल, ज्याच्या एका टोकाला फोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला साधा गोल जॅक असतो तेच. दोन्हीकडे एकच फाईल, हेडफोन माझा. आधी त्याने एक सपाट सूर लावून मल्टीमीटरने दोन्हींचा आवाज अगदी सारखा केला, अर्धा तास त्यातच गेला, पण ते सगळ्यात महत्त्वाचं, कारण एखादा डेसिबल जास्त असला तर माणसाला तो आवाज मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दुकानदारांना हे पक्कं माहिती असतं. मग ह्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि वीस वेळा वाजवलं, कधी हे कधी ते, ओळखा प्लेयर कुठला. वीसपैकी अकरा बरोबर आले. नाणं उडवून दहा आले असते. मग भाच्याने प्लेयर तोच ठेवून नुसता हेडफोन बदलला, माझा काढून तो बाराशेचा लावला, तर हे पहिल्या आलापातच म्हणाले "हे काय भोपळ्यात बसून गातोय का?"

त्या दिवशी सर्दी होती असं ह्यांचं म्हणणं आहे, तेही नोंदवते.

प्लेयर अगदी निरुपयोगी असतो असं मी म्हणत नाही. काही फोनच्या जॅकमधून सारखी बारीक खरखर येते, कानात घालायचे नाजूक इअरफोन लावले की ती जास्तच कळते, आणि आता तर कितीतरी फोनना जॅकच नसतो, आयफोन ७ नंतर म्हणजे २०१६ नंतर हे वाढतच गेलं. पण त्यावर उपाय म्हणून ते डोंगल पुरतं, फक्त ॲपलचं डोंगल काही अँड्रॉइड फोनवर आवाज कमी देतं, तेव्हा आपल्याच फोनवर लावून बघून घ्यावं. ज्याला मेमरी कार्डवर पाच-सहाशे मैफिली ठेवायच्यात, बटणं हवीत, ऐकताना कोणाचा फोन यायला नकोय, त्याने प्लेयर जरूर घ्यावा. आवाज सुधारेल म्हणून मात्र घेऊ नये.

ओहमबद्दल लिहिलंय ते तर वाचकांना सरळ खड्ड्यात घालणारं आहे. ओहम म्हणजे आवाजाची प्रत नव्हे, हेडफोन विजेला किती अडवतो ते. सेन्हायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा, १९९७ पासूनचा, जाणकार अजून त्याचं नाव घेतात, भाच्याकडे आहे, मी ऐकलाय, गंधार काय त्यात जोडाच्या दोन तारांमधला केसभर फरकसुद्धा कळतो. पण त्याला व्होल्टेज लागतं, आणि फोनच्या जॅकला लावला तर आवाज पूर्ण केला तरी जुनं शांत रेकॉर्डिंग मेल्यासारखं वाजतं, म्हणजे मग वेगळा अँप्लिफायर घ्या, म्हणजे अजून पैसे. तिकडे सोनीचा एमडीआर ७५०६ बघा, १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओत पडीक असतो, तो ६३ ओहमचा. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ चा, ६० ओहमचा, खेळण्यासारखा दिसतो पण फोनवर मस्त वाजतो (बेस जरा जास्त आहे त्याचा, तो खाली ओढायचा, वर सांगितलं तसं). फोनवर ऐकणाऱ्याने साधारण १६ ते ६४ ओहममध्ये राहावं आणि खोक्यावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे थोड्या विजेत किती मोठा वाजतो ते, शंभर डेसिबलच्या आसपास आहे का बघावं, बास. लेख वाचून कोणी ज्येष्ठ नागरिकाने ३०० ओहमचा आणून फोनला लावला आणि आवाज येत नाही म्हणून कानाच्या डॉक्टरकडे गेला तर त्याची फी पुरवणीने द्यावी.

१९२ किलोहर्ट्झचंही तसंच. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. १९८२ ला बाजारात आलेल्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे २२ हजारच्या थोडे वरपर्यंतचे आवाज त्यात पुरते मावतात. म्हणजे सीडी झाली तेव्हाच कानाची सोय झाली होती. भाच्याने मशीनवर बघितलं तर मला १२ हजारच्या वर काही ऐकू येत नाही आणि ह्यांना १० च्या वर. मी हाक मारते ती त्याच्या पुष्कळ खाली असते तरी ऐकू येत नाही, तो विषय वेगळा. तो काळा-सोनेरी हाय-रेझ स्टिकर मिळवायला यंत्राने ४० हजारपर्यंत वाजवावं लागतं. ४० हजार! आमच्या सोसायटीतल्या वटवाघळांची सोय होईल.

शिवाय आपण ऐकतो काय हेही बघायला हवं ना. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, त्यात वरचे आवाज मुळात उतरलेलेच नाहीत, ती फाईल १९२ मध्ये केली म्हणून ते कुठून येणार, दूध पातेल्यातून पिंपात ओतलं म्हणून वाढतं का. त्यापेक्षा रेकॉर्डिंग कुठलं आहे त्याकडे लक्ष द्या. नेटवर फुकट मिळणाऱ्या जुन्या मैफिली बऱ्याच वेळा कोणीतरी कॅसेटवरून चढवलेल्या असतात आणि टेप जोरात पळत असते, काळी एकमध्ये गाणारे बुवा तिथे एक घर वर पांढरी दोनमध्ये गातात आणि ताना अशा काही पळतात की शिकणारी मुलं म्हणतात ताई हे आम्हाला कधी जमायचं. कोणालाच जमायचं नाही, त्या बुवांनाही नव्हतं जमत! फाईल १२८ केबीपीएसची एमपी३, म्हणजे फार दाबलेली, असेल तर तानपुरा पाण्याखालून आल्यासारखा लपलपतो, ३२० ची असेल तर मला फरक सांगता येत नाही, फ्लॅक असेल तर प्रश्नच मिटला, सीडीतलं काही न गाळता साधारण निम्म्या जागेत मावतं.

ब्लूटूथबद्दल थोडंच लिहिते. सोयीचं आहे, वापरा. फक्त लॉसलेसचा, म्हणजे काही न गाळता ऐकवणारा प्लॅन घेऊन साध्या ब्लूटूथवर ऐकत असाल तर आवाज वाटेत परत दाबला जातो हे लक्षात असू द्या, ब्लूटूथवर आवाज पाठवायची सोनीची पद्धत, एलडॅक, ९९० केबीपीएसपर्यंत जाते पण ती आयफोनवर चालत नाही, तिथे एएसी नावाची दुसरी. मला ह्या सगळ्यापेक्षा बॅटरीचा राग आहे. बड्सच्या एवढ्याशा बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत थकतात आणि बदलून मिळत नाहीत, माझा पंधरा वर्षांचा वायरवाला अजून उभा आहे.

आणि ज्या गोष्टीवर लेखात एक ओळ नाही ती म्हणजे रबराची टोपी! इअरफोनबरोबर लहान-मध्यम-मोठ्या अशा तीन जोड्या येतात, लोक जी लागलेली असते तीच घालून फिरतात, बाकीच्या खोक्यासकट रद्दीत. टोपी कानात घट्ट बसली नाही तर खालचा आवाज सगळा गळून जातो, मग म्हणायचं ह्याला बेसच नाही आणि बेसवाला दुसरा आणायचा. दोन्ही कान सारखे नसतात, माझ्या उजव्या कानाला मध्यम लागते आणि डाव्याला लहान. नीट बसली की बाहेरचा आवाजही अडतो, आणि पुण्यात राहणाऱ्याला त्याचं महत्त्व सांगायला नको. पीएमटीत, म्हणजे आताच्या पीएमपीएमएलच्या सिटी बसमध्ये, मागच्या सीटवर बसून बघा, इंजिनाच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून मुलं आवाज कुठल्या कुठे नेतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांना आठवड्याला ८० डेसिबल आणि ४० तास अशी मर्यादा सांगितलीये, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. गणपतीच्या दहा दिवसांत कानाचं जे व्हायचं ते होतंच, उरलेलं वर्ष तरी वाचवावं. कान नीट बंद करणारा इअरफोन असेल तर तेच गाणं बसमध्ये निम्म्या आवाजात पुरतं. घरी शांत खोलीत बसणाऱ्याला मागून उघडा असतो तो मोठा हेडफोन जास्त मोकळा वाटतो, पण तो बसमध्ये घातला तर तुमची मैफल शेजारच्यालाही ऐकावी लागते. आणि स्कूटर चालवताना दोन्हीतला कुठलाच नको, कृपा करा.

आता माझी खरी तक्रार. पुढे त्या विद्यार्थिनीच्या आईला मी म्हटलं वायरवाला एक साधा घेऊन देऊ, तर आम्ही दोघी शहरात चार दुकानं फिरलो. तीन ठिकाणी खोकं उघडायला तयार नाहीत. सील तोडलं की घ्यावंच लागेल. चौथ्याने डेमो पीस काढला आणि स्वतःच्या फोनवरून एक धडामधुडुम गाणं लावलं, म्हणाला "मॅडम बेस बघा फक्त." मी म्हटलं बेस राहू दे, माझ्या फोनवर तानपुरा आहे तो लावते, तर तो म्हणतो "त्यात काय कळणार, त्यात गाणंच नाहीये!" चपलेचा जोड आपण घालून चालून बघतो, चष्म्याला तर दहा काचा बदलून अक्षरं वाचून दाखवतात, आणि जी वस्तू रोज दोन तास कानात घालायची ती मात्र खोक्यावरचं चित्र बघून घ्यायची. कानात घालायच्या वस्तूचा स्वच्छतेचा प्रश्न आहे हे मान्य, पण टोपी काढता येते, स्पिरिटचा बोळा दोन रुपयाला पडतो. प्रत्येक दुकानाने दोन-चार डेमो पीस आणि गिऱ्हाइकाचा फोन लावायला एक वायर एवढं ठेवलं तरी पुष्कळ आहे. आणि तुमच्यासारख्या पेपरांनी पुरवणीत किमतींचे तक्ते छापण्याऐवजी शहरात कुठे कुठे ऐकून घेता येतं त्याची यादी छापली तर मी ती कापून क्लासच्या भिंतीवर लावीन. निदान ओहमची दुरुस्ती तरी पुढच्या रविवारी छापावी ही विनंती.

शेवटी आम्ही तो हेडफोन ऑनलाइनच मागवला, परत करता येईल असा बघून, अठराशेला पडला. गंधार येतो.

ह्यांच्या प्लेयरचं विचाराल तर तो सध्या माझ्या क्लासात आहे. त्यात काळी एकपासून काळी पाचपर्यंत तासातासाचे तानपुरे भरून ठेवलेत, स्पीकरला जोडलाय, मधे कोणाचा फोन येत नाही, बॅटरी सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही बॅचना पुरते. हे रोज संध्याकाळी येऊन त्याच्यावरची धूळ पुसतात आणि चाक फिरवून आवाज एक घर वाढवतात. मी ते गेल्यावर परत कमी करते.

आपली,
एक गायन शिक्षिका, कोथरूड, पुणे